मरणावरची पैज : व्हाइट्स क्लबच्या वहीपासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत (धागा)

लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील व्हाइट्स क्लबात सभासदांच्या पैजा नोंदवण्यासाठी एक वही ठेवलेली असे. १७५४ साली या वहीत एक नोंद झाली. लॉर्ड माँटफर्ट आणि सर जॉन ब्लँड यांनी पैज लावली होती आणि पैजेचा विषय होता, नॅश आधी मरतो की सिबर. नॅश अधिक जगेल, असे माँटफर्टचे म्हणणे.

ही दोन्ही नावे त्या काळी इंग्लंडात कोणालाही सांगावी लागत नव्हती. रिचर्ड नॅश, म्हणजेच ‘बो’ नॅश, हा बाथ या आरोग्यनगरीतील मेजवान्या आणि नृत्यसमारंभांचा सर्वाधिकारी होता; त्या शहराचा अनभिषिक्त राजाच म्हणा. कॉली सिबर हा नट, नाटककार, नाटकगृहाचा व्यवस्थापक आणि राजाने नेमलेला राजकवी. दोघांनीही वयाची ऐंशी गाठलेली. पैज लावणाऱ्यांचा दोघांशीही काही व्यवहार नव्हता. वैर नव्हते, मैत्रीही नव्हती. दोन प्रसिद्ध वृद्ध, त्यांतला आधी कोण जातो, एवढाच प्रश्न.

सिबर १७५७ च्या डिसेंबरात वारला आणि नॅश १७६१ च्या फेब्रुवारीत. म्हणजे पैज माँटफर्टने जिंकली असती. परंतु १ जानेवारी १७५५ रोजी माँटफर्टने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि त्याच वर्षी ब्लँडनेही फ्रान्समध्ये तोच मार्ग पत्करला. दोघांचीही आर्थिक घडी विस्कटलेली होती. पैजेचा निकाल लागण्यापूर्वी पैज लावणाऱ्या दोघांनीही आपले जीवन संपवले, असा शेरा पुढे कोणीतरी त्या नोंदीखाली लिहून ठेवला.

आज ‘डेथ पूल’ या नावाने ओळखला जाणारा खेळ पाश्चात्त्य देशांत बराच रुळलेला आहे. वर्षारंभी प्रत्येक स्पर्धक काही नामवंतांची यादी देतो; वर्षभरात त्यांतले जे निवर्ततील त्यांचे गुण त्याला मिळतात. पुष्कळ ठिकाणी शंभरातून मृताचे वय वजा करून गुण ठरतात, त्यामुळे नव्वदीतल्या राजकारण्यापेक्षा चाळिशीतला गायक ‘मोलाचा’ ठरतो. हा खेळ म्हणजे आजच्या काळाची विकृती, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो निदान चार शतके जुना आहे. त्याच्याविरुद्ध कायदा करण्याच्या खटाटोपातून जे निष्पन्न झाले, ते आज आयुर्विमा उतरवणाऱ्या प्रत्येकाच्या कागदपत्रांत बसलेले आहे.

आरंभ रोमपासून करावा लागतो.

सोळाव्या शतकातील रोममध्ये बांकी नावाचा सराफांचा भाग होता. तिथले दलाल पोपच्या निवडणुकीवर उघडपणे पैजा घेत. पुढचा पोप कोण, एवढ्यावरच हे थांबत नसे; आताचा पोप किती काळ जगेल, यावरही पैसे लागत. धर्मगुरूच्या प्रकृतीची प्रत्येक अफवा बाजारात भाव हलवून जाई. आणि मग आले १५९० साल. ऑगस्टमध्ये पाचवे सिक्स्टस वारले. सप्टेंबरात निवडून आलेले सातवे अर्बन बाराव्या दिवशी गेले. डिसेंबरात चौदावे ग्रेगरी गादीवर आले. त्यांनी मार्च १५९१ मध्ये एक फर्मान काढले : पोपची निवडणूक, पोपच्या कारकिर्दीचा कालावधी आणि नव्या कार्डिनलांच्या नेमणुका यांवर जो पैज लावेल, त्याला धर्मबहिष्कृत करण्यात येईल. ज्याच्या आयुष्यावर पैजा लागत होत्या, त्यानेच काढलेला हा मनाई हुकूम. ग्रेगरी स्वतः त्याच वर्षी ऑक्टोबरात वारले आणि त्यांच्यानंतरचे नववे इनोसंट डिसेंबरअखेर. सोळा महिन्यांत चार पोप गेले. दलालांनी या काळात काय कमावले असेल, याची कल्पनाच करावी.

पैज लावायला प्रसिद्ध माणूसच का लागतो, याचे उत्तरही रोममध्ये मिळते. मृत्यू अनिश्चित हवा, पण मृत्यूची वार्ता निश्चित हवी. गल्लीतला चांभार कधी गेला, खरोखर गेला की नाही, यावर वाद होऊ शकतो. पोप गेला की घंटा वाजतात. अठराव्या शतकातील लंडनमध्ये घंटेची जागा वृत्तपत्राने घेतली. कॉफीगृहांत दररोज वृत्तपत्रे वाचली जात. दरबारी, सेनानी, नट, कैदेतले पुढारी यांची आजारपणे घरोघर ठाऊक होत. पैजेला लागणारे दोन्ही घटक आयतेच जमून आले.

त्यात लंडनपाशी एक साधन होते, जे रोमच्या दलालांपाशी नव्हते : विम्याचा करारनामा.

तत्कालीन इंग्लिश कायद्यानुसार पैज हा एक वैध करार होता. हरणाऱ्याने पैसे दिले नाहीत तर जिंकणारा न्यायालयात जाऊ शके. आयुर्विम्याचा करार घडणीने पैजेसारखाच. अमुक माणूस वर्षभरात मेला तर विमेदार शंभर पौंड देईल, त्यासाठी मी आज पाच पौंड भरतो. हा ‘अमुक माणूस’ स्वतः करार करणारा असावा, त्याचा नातलग असावा किंवा त्याचा ऋणको असावा, असे कायदा म्हणत नव्हता. त्याला विचारण्याचीही गरज नव्हती. १७४३ साली दुसरा जॉर्ज स्वतः सैन्य घेऊन युरोपात लढायला गेला (रणांगणावर सैन्याचे नेतृत्व करणारा तो शेवटचा ब्रिटिश राजा), तेव्हा लंडनमध्ये त्याच्या सुखरूप परतण्यावर पैसे लागले. पंतप्रधानपद भूषवलेले सर रॉबर्ट वॉलपोल, तुरुंगात पडलेला लोकप्रिय पुढारी जॉन विल्क्स, अशांच्या आयुष्यावर करारनामे लिहिले गेले. जहाजांचा विमा उतरवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या लॉइड्स कॉफीगृहात हा धंदा इतका बोकाळला की सचोटीच्या विमेदारांनी १७६९ साली बाहेर पडून ‘नवे लॉइड्स’ थाटले. आज जगप्रसिद्ध असलेली लॉइड्स ही संस्था त्या नव्या शाखेची वारस आहे.

विशेष म्हणजे याच शहरात, याच दशकांत आयुर्विम्याचे गणितही उभे राहत होते. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली याने ब्रेस्लाउ शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून १६९३ मध्ये आयुर्मानाचे कोष्टक मांडले होते. वयानुसार हप्ता ठरवणारी ‘इक्विटेबल’ ही संस्था १७६२ साली स्थापन झाली. विधवेची सोय करणारा कारकून आणि राजाच्या मरणावर पैसे लावणारा उमराव एकाच आकडेमोडीचा आधार घेत होते. करारनाम्याकडे पाहून या दोघांत फरक करणे अवघड होते, आणि खरी अडचण तीच होती.

व्हाइट्स क्लबाची आणखी एक कथा होरेस वॉलपोलच्या १७५० सालच्या पत्रात येते. क्लबाच्या दारात एक माणूस कोसळला. त्याला आत नेले गेले. तो मेला की जिवंत आहे यावर सभासदांनी तत्काळ पैजा लावल्या. वैद्य शीर उघडून रक्त काढू लागला, तेव्हा ‘मेला’ म्हणणाऱ्या पक्षाने हरकत घेतली : उपचार केल्यास पैजेच्या न्याय्यतेला बाध येईल! वॉलपोल हा गप्पांना तिखटमीठ लावण्यात वाकबगार, त्यामुळे ही कथा अक्षरशः घेऊ नये. पण समकालीनांना ती खरी वाटण्याजोगी होती, एवढे तिच्यावरून निश्चित कळते. आणि खटल्यांच्या अहवालांत जे नोंदले गेले, ते तर या कथेलाही मागे टाकते.

१७७० सालची गोष्ट. न्यूमार्केट हे घोड्यांच्या शर्यतींचे गाव. तिथे भोजनाच्या टेबलावर पिगट आणि कॉड्रिंग्टन हे दोन तरुण वारसदार बसलेले होते. दोघांचेही वडील हयात, दोघेही इस्टेटीची वाट पाहणारे. बोलता बोलता ठरले की, घोड्यांऐवजी आपापल्या बापांचीच शर्यत लावावी. कोणाचा बाप आधी मरतो? पिगटचे वडील सत्तरीपुढचे, सर विल्यम कॉड्रिंग्टन पन्नाशी नुकतीच ओलांडलेले. साहजिकच समसमान पैज अन्यायाची झाली असती. तिथे लॉर्ड ऑसरी उपस्थित होता. त्याने दोघांच्या वयांवरून हिशेब मांडला आणि ५०० गिनींना १६०० गिनी असा भाव काढला. कॉड्रिंग्टनचा मुलगा बिचकला. तेव्हा त्याची बाजू लॉर्ड मार्च याने स्वतःच्या शिरावर घेतली. पिगटने लिहून दिले : माझे वडील आधी वारल्यास मी मार्चला ५०० गिनी देईन. मार्चने लिहून दिले : सर विल्यम आधी वारल्यास मी पिगटला १६०० गिनी देईन.

त्या दिवशी पहाटे दोन वाजताच, दूर श्रॉपशायरमध्ये, पिगटचे वडील अकस्मात वारलेले होते. टेबलावर बसलेल्यांपैकी कोणालाही याची वार्ता नव्हती.

वार्ता आल्यावर मार्चने ५०० गिनी मागितल्या. पिगटने नकार दिला. प्रकरण किंग्ज बेंच न्यायालयात, सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे आले. पिगटचा युक्तिवाद असा की, शर्यतीपूर्वीच घोडा मेला असेल तर शर्यत होतच नाही; माझे वडील पैजेपूर्वीच वारले होते, सबब पैज रद्द. समोरून उत्तर आले की, समुद्रावरचे जहाज बुडाले की तरले हे ठाऊक नसताना त्याचा विमा उतरवतात आणि जहाज आधीच बुडालेले निघाले तरी तो वैध ठरतो. इथेही दोन्ही पक्ष सारखेच अनभिज्ञ होते. ज्यूरीने मार्चला ५०० गिनी देवविल्या आणि १७७१ मध्ये न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

वाद कशावर झाला, हे पाहण्याजोगे आहे. मुलाने बापाच्या मरणावर पैसे लावावेत का, यावर निकाल अवलंबून नव्हता. बाप पैजेआधी मेला की नंतर, यावर होता. कायद्याला त्यात जुगारी दिसले नाहीत. दोन करारकर्ते दिसले.

तीनच वर्षांनी, १७७४ मध्ये, पार्लमेंटने आयुर्विम्याचे नियमन करणारा कायदा केला. इतिहासात तो जुगारविरोधी कायदा म्हणूनही ओळखला जातो. त्याचे पहिले कलम सांगते की, ज्याच्या जगण्यामरण्यात विमा घेणाऱ्याचा हितसंबंध नाही, अशा माणसाच्या आयुष्यावरील विमा रद्दबातल समजावा. दुसऱ्या कलमानुसार करारनाम्यात हितसंबंधी व्यक्तीचे नाव लिहिणे आवश्यक झाले. तिसऱ्याने मर्यादा घातली की, हितसंबंधाच्या मूल्यापेक्षा अधिक रक्कम वसूल करता येणार नाही.

कायद्याने मरणावर पैसे लावण्यास मनाई केली नाही; तसे करणे म्हणजे आयुर्विमाच संपवणे ठरले असते. त्याने एक प्रश्न विचारण्याची सक्ती केली : हा माणूस मेला तर तुमचे काय नुकसान होते? विधवेपाशी याचे उत्तर होते. सावकारापाशी होते. माँटफर्ट आणि ब्लँड यांच्यापाशी नव्हते. नॅश गेल्याने त्यांचे काहीच जाणार नव्हते, उलट एकाला प्राप्तीच होणार होती. ज्याला दुसऱ्याच्या जगण्याशी कर्तव्य नाही, त्याला त्याच्या मरणात भागीदार होऊ द्यायचे नाही, हे या कायद्याचे मर्म.

मात्र त्याच कायद्याचे चौथे कलम उलटून पाहिले की वेगळेच दृश्य दिसते. जहाजे, माल आणि व्यापारी जिनसा यांच्या विम्यास हा कायदा लागू नाही, असे ते म्हणते. आणि इंग्लिश जहाजांवरून अटलांटिकपार नेले जाणारे आफ्रिकी गुलाम विम्याच्या कागदांत ‘माल’ म्हणून नोंदले जात. १७८१ च्या अखेरीस ‘झाँग’ जहाजावरील खलाशांनी १३० हून अधिक जिवंत माणसे समुद्रात फेकली. जहाजाच्या मालकांनी पाणी कमी पडल्याचे कारण पुढे करून विमेदारांकडे माणशी ३० पौंडांची भरपाई मागितली. ज्यूरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. १७८३ मध्ये त्याच लॉर्ड मॅन्सफील्डच्या न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला. खुनाचा खटला कोणावरही चालला नाही. नॅश-सिबरच्या आयुष्याला पैजेच्या तावडीतून सोडवणारी ‘हितसंबंध’ ही कल्पना गुलामाच्या बाबतीत त्याच्या मालकाच्याच हाती पडली होती. कारण गुलाम मेल्याने नुकसान होते ते मालकाचे. १७७४ च्या कायद्याचे गोडवे गाणाऱ्या पुस्तकांत झाँगचा उल्लेख सहसा वेगळ्या प्रकरणात येतो. तो त्याच पानावर यायला हवा.

कायद्याने विमा आवळला, पण साध्या पैजा मोकळ्याच राहिल्या. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध पैज नेपोलियनवर लागली.

३१ मे १८०२. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात नुकताच तह झालेला. यॉर्कशायरमधील धनाढ्य सर मार्क मास्टरमन साइक्स यांच्याकडे मेजवानी होती. बोलणे नेपोलियनच्या जिवाला असलेल्या धोक्यावर आले; त्याचा खून होणारच, अशी चर्चा चालली. साइक्स उत्साहाच्या भरात म्हणाले की, मला कोणी १०० गिनी दिल्यास, बोनापार्ट जिवंत असेपर्यंत मी त्याला रोज एक गिनी देईन. गिल्बर्ट नावाच्या एका पाद्र्याने तत्काळ होकार दिला. साइक्स यांचा हिशेब सरळ होता : नेपोलियन शंभर दिवसांत मेला तर फायदा, त्यापुढे जगला तर तोटा.

साइक्स पैसे देत राहिले. १८०२ संपले, १८०३ संपले. नेपोलियन सम्राट झाला. १८०४ च्या नाताळापर्यंत साइक्स यांनी नऊशेहून अधिक गिनी मोजल्या आणि मग हात आखडता घेतला. पुढे गिल्बर्ट यांनी थकलेल्या २२९६ पौंडांसाठी दावा लावला. ज्यूरीने साइक्स यांच्या बाजूने निर्णय दिला आणि १८१२ मध्ये सरन्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांच्या न्यायालयाने तो फिरवण्यास नकार दिला. कारण असे दिले की, या पैजेमुळे एका ब्रिटिश प्रजाजनाला शत्रुराष्ट्राचा राजा जिवंत राहावा यात रोजचा आर्थिक लाभ उत्पन्न होतो. इंग्लंडवर स्वारी झाली तर तो कोणाची बाजू घेईल? आणि दुसऱ्या पक्षाला त्याच राजाच्या हत्येत स्वारस्य उत्पन्न होते, जे युद्धातही गैर. नेपोलियन सेंट हेलेनावर ५ मे १८२१ रोजी वारला. करार टिकला असता तर साइक्स यांचा आकडा ६९०० गिनींच्या पुढे गेला असता.

बापांच्या शर्यतीत न पडलेला प्रश्न इथे प्रथमच स्पष्टपणे पडला : पैज लावल्याने पैज लावणाऱ्याच्या मनात काय बदलते? तो बाप-मुलाच्या नात्यासाठी पडला नाही, राज्याच्या सुरक्षेसाठी पडला, ही गोष्ट वेगळी.

‘हितसंबंध’ म्हणजे नेमके काय, यावर मात्र न्यायालये बराच काळ अडखळली. पंतप्रधान विल्यम पिट (धाकटा) कर्जात बुडालेला असे. त्याच्या घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिरांचे त्याच्याकडे हजार पौंडांहून अधिक येणे होते, म्हणून त्यांनी १८०३ मध्ये त्याच्या आयुष्यावर ५०० पौंडांचा विमा घेतला. हितसंबंध निर्विवाद. १८०६ च्या जानेवारीत पिट वारला. पार्लमेंटने त्याची कर्जे फेडण्यासाठी ४०,००० पौंड मंजूर केले आणि कारागिरांना त्यांचे पैसे मिळाले. मग विमा कंपनी म्हणाली की, तुमचे नुकसान उरलेच नाही. १८०७ मध्ये एलनबरो यांनी कंपनीची बाजू उचलून धरली. हा निकाल व्यवहारात इतका गैरसोयीचा ठरला की तो स्वतः विमा कंपन्यांनाही नकोसा झाला. १८५४ मध्ये तो फिरवला गेला आणि विमा घेताना हितसंबंध असला की पुरे, हे ठरले.

साध्या पैजांना इंग्लंडच्या न्यायालयांचे दार १८४५ च्या कायद्याने बंद झाले. पण तो कायदा हिंदुस्थानास लागू नव्हता. १८४८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे मुंबईच्या व्यापाऱ्यांचा एक दावा आला. कलकत्त्याच्या सरकारी लिलावात अफूचा सरासरी भाव काय निघेल, यावर त्यांनी पैजा लावलेल्या होत्या. प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, इंग्लंडचा जुना कायदा हिंदुस्थानात अद्याप चालू आहे, सबब पैजा वैध. म्हणजे न्यूमार्केटच्या टेबलावरची ती व्यवस्था विलायतेत संपल्यानंतरही मुंबईत जिवंत होती. त्याच वर्षी सरकारने २१ वा कायदा करून पैजेचे करार रद्दबातल ठरवले आणि १८७२ च्या करार कायद्यात ते तत्त्व ३० वे कलम म्हणून आले. अर्थात त्यामुळे मुंबईचा सट्टा थांबला नाही. पाऊस कधी पडेल यावरसुद्धा इथे पैसे लागत.

१७७४ चा आयुर्विम्याचा कायदाही हिंदुस्थानास लागू नव्हता. मग इथे परक्या माणसाच्या आयुष्यावर विमा घेता येतो काय? हा प्रश्न १८९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे उभा राहिला. न्यायालयाने ३० व्या कलमाचाच आधार घेतला : ज्याच्या आयुष्यात विमा घेणाऱ्याचा हितसंबंध नाही, त्याच्या आयुष्यावरचा विमा हा विमा नव्हे, पैज आहे, आणि पैज म्हणून तो रद्द आहे. विलायतेत ज्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, ते मुंबईच्या न्यायाधीशांनी पैजेच्या व्याख्येतूनच काढले.

आजही दुसऱ्याच्या आयुष्यावर विमा घ्यायला गेलेल्या माणसाला अर्जात एक रकाना भरावा लागतो : विमेदाराशी प्रस्तावकाचे नाते. व्हाइट्सच्या वहीत तो रकाना नव्हता.